जिन्याखालचं पोतं

आमच्या जिन्याखाली एक पोतं होतं आणि त्यावरून माझं नि पिंकीच्या बाबांचं दर दिवाळीला वाजायचं. यांची सगळी हयात रेल्वेच्या वॅगन कारखान्यात गेली. तिथे जुना भाग जमा केल्याशिवाय नवा हातात पडत नसे. माणूस निवृत्त झाला, खोड काही निवृत्त झाली नाही. मोटारसायकलचं काहीही बदललं की हे मिस्त्रीपुढे हात पसरून उभे, जुनं परत दे म्हणून. मग ती झिजलेली चेन, ते फुटके इंडिकेटर, सगळं काळं तेल गाळत माझ्या घरात. पाहुण्याला टेकायला जागा नाही, पण बेअरिंगला आहे.

यंदा पिंकीला अभनपूरच्या पुढे एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. त्या गावाला सकाळची बस नाही, म्हणून बाबांची मोटारसायकल तिची झाली. आणि शनिवारी सदर बाजारातून येताना गाडी बंद पडली ती पडलीच, खाली पेट्रोलची धार. आमचा मिस्त्री यज्ञेश्वर याने उघडून पाहिलं तर कार्बोरेटरला तडा. कंपनीचा नवा घ्यायचा तर पहिला अर्धा पगार त्यातच जाणार, शिवाय मॉडेल जुनं म्हणून तोही आठवडाभराने येणार. पिंकीने घरी येऊन भाव सांगितला तेव्हा मी विचारलं, त्यात काय केशर भरून देतात?

पोरगी जेवली नाही. "छोड़ो ना आई, मैं मना कर देती हूँ," एवढं इकडच्या हिंदीत म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली. किती अर्ज केले होते तिने या नोकरीसाठी. पोरीला असं पडलेलं पाहिलं की मला राग येतो.

रविवारी सकाळी हे यज्ञेश्वरकडे गेले आणि इकडे हिरालाल कबाडीची हाक आली. मी पोतं ओढत बाहेर काढलं नि त्याच्या ठेल्यावर घातलं. तेवढेच पैसे नव्या भागाला लागतील आणि घरही मोकळं होईल. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळाने हे परत आले ते जवळजवळ धावत. कधी नव्हे तो चेहरा फुललेला. आधीच्या मिस्त्रीने गाडीचा मूळ कार्बोरेटर बाद म्हणून काढला होता आणि बाजारातला नकली बसवला होता. तडा गेला तो या नकलीला.

"थो जुना आपल्या पोत्यात आहे ना," हे म्हणाले. "यज्ञेश्वर म्हनते, कंपनीचा अस्सल आहे. आतली सुई घासली असन फक्त." आणि वाकून जिन्याखाली पाहू लागले.

मी काय केलं ते सांगितलं. हे खालीच बसले.

"अवं, मले विचाराचं तरी."

"इतके वर्सं विचारूनच राहिली ना," मी म्हटलं आणि चपला शोधायला लागले.

हिरालाल शेजारच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एका दारात तराजू धरून उभा होता. घेतलेला माल तो त्याच भावात परत देईना. मी त्याला असा फैलावर घेतला की पाऱ्यातल्या बाया कामं टाकून बाहेर आल्या. तरी मेल्याने थोडे पैसे वर घेतलेच. पण पोतं मला उचलू दिलं नाही, ठेल्यावरून आमच्या दारापर्यंत आणून टाकलं, तेही खरं.

आम्ही तिघंही यज्ञेश्वरच्या दुकानात गेलो. त्याने तो जुना कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुतला, नवी सुई घातली, रबरी वायसर बदलले. जो काही खर्च आला तो माझ्या भाजीच्या पैशांत भागला. पिंकीने किक मारली. गाडी खोकली. तिने परत मारली आणि गाडी सुरू झाली, छान एकसारखी. मला रडू आलं. धुराच्या नावाने मी डोळे पुसून घेतले.

मी पैसे मोजून देत होते, तेवढ्यात पिंकीने यज्ञेश्वरपुढे हात पसरला.

"भैया, पुराना वाला वापस दो."

तो तडकलेला, कशाच्याही कामाचा नसलेला तुकडा तिने ओढणीत गुंडाळला. हे तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या बारशालाही यांना मी इतकं खूश पाहिलं नव्हतं.

सोमवारी पिंकी आम्हाला जय भीम करून गेली. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. मग मी जिन्याखालचं पोतं ओढलं. त्याचा तळ फाटायला आला होता. तांदळाचं एक कोरं पोतं काढून सगळं त्यात भरलं, वरती तो तडकलेला कार्बोरेटर ठेवला आणि जागच्या जागी सरकवलं. हे दारात उभे राहून बघत होते. हसायचं नाही, असं मी आधीच बजावलं होतं.