वेगळा पेला

“ही काय भातुकली आणलीस, नूतनबाई?” खोक्यात डोकावत सावळेराम पंचांनी विचारलं.

“भातुकली नाही, काका. प्रभुभोजनासाठी आहेत. द्राक्षरसाला एकेकाला एकेक.” नूतनने वर्तमानपत्रातून काचेचा इवलासा पेला सोडवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. “शहरातल्या चर्चमध्ये आता असेच असतात. एकाच पेल्याला सगळ्यांनी तोंड लावायचं म्हणजे...”

“माझा बा लावत व्हता, त्याचा बा लावत व्हता. त्यानं मेला का कोन?”

पाळकसाहेब झगा चढवत होते. वाद त्यांना सोसत नसे. “ज्यांना हवे त्यांनी हे घ्यावेत, बाकीच्यांना आपला मोठा पेला आहेच,” असं म्हणून ते घाईघाईने बाहेर पडले.

जुन्नरच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत नूतन लग्न करून आली होती. नगरला वाढलेली, बी.एस्सी. झालेली, आजोबा मास्तर, वडील बँकेत. नवरा सुदर्शन नारायणगावच्या एसटी डेपोत मेकॅनिक, आणि ती तिथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. मागच्या थंडीत तिच्या श्रेयाला न्यूमोनिया झाला होता. पुण्यात पोरीच्या नाकाला लावलेली ती नळी नूतनच्या डोळ्यांपुढून अजून हलली नव्हती. तेव्हापासून ती घरात पाणी उकळून घ्यायची, पाहुण्यांना पोरीचा मुका घेऊ द्यायची नाही, आणि उपासनेला देवळात कोण खोकलं की कानानेच माणूस ओळखायची.

सगळ्यांत जास्त खोकायची ती बायडाबाई. म्हातारीला क्षय झाला होता. सरकारी गोळ्यांचा पुरा कोर्स तिने संपवला होता, अंगही धरलं होतं. पण खोकल्याची सवय काही गेली नव्हती. आणि बसायची नेमकी पहिल्या बाकावर, नूतनच्या शेजारी.

त्या रविवारी प्रभुभोजनाला माणसं वेदीपुढच्या कठड्याशी येऊन गुडघे टेकू लागली. भरलेल्या छोट्या पेल्यांचं तबक नूतननेच पुढे ठेवलं होतं, पण त्याला कुणी हात लावेना. जो तो मोठ्या पेल्यातूनच घोट घेत होता. पेला सरकत सरकत बायडाबाईपाशी आला. तिच्यानंतर नूतन होती.

नूतनने चटकन तबकातला एक पेला उचलला आणि म्हातारीच्या हातात ठेवला.

“आजी, तुम्ही यातून घ्या.”

बायडाबाईने पेल्याकडे पाहिलं, मग नूतनकडे. तो न सांडता, अगदी अलगद तिने कठड्यावर ठेवला. कठड्याला धरून उठली आणि दुखरा गुडघा ओढत, सगळ्या बाकांच्या मधून चालत बाहेर गेली. पाळकसाहेबांच्या हातातला मोठा पेला तसाच राहिला.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या जागेवर कुणी बसेना. उपासना सुटल्यावर बायका घोळक्याने बोलत उभ्या असत आणि नूतन जवळ आली की पदर सावरून पांगत. “स्वच्छतेचं बोललं की आपल्या लोकांना राग येतो,” ती घरी तणतणायची.

सुदर्शन ऐकून घ्यायचा. एका संध्याकाळी मात्र भाकरी मोडता मोडता त्याने विचारलं, “बायडाआजीचा शेवटचा रिपोर्ट तुझ्याच लॅबला आला होता ना? काय निघालं?”

“काही नाही. निगेटिव्ह.”

त्याने कालवण जास्त वाढायला सांगितलं, एवढंच. नूतनने पळीभर वाढलं. सूक्ष्मदर्शकाखाली म्हातारीच्या थुंकीची काच तिने स्वतः पाहिली होती. पुन्हा पुन्हा पाहिली होती. स्वच्छ होती.

रविवारी पाळकसाहेब मेजवानीत मानाच्या जागेवर जाऊन बसणाऱ्याची गोष्ट सांगत होते. “बाकीची पापं मळक्या कपड्यांत येतात, लगेच ओळखू येतात,” ते म्हणाले. “गर्व मात्र धुवून, इस्त्री करून येतो. आपणच त्याला बसायला पाट देतो.” त्यांनी नूतनकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. निदान रागावता तरी आलं असतं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी श्रेयाला सुदर्शनकडे ठेवून ती बायडाबाईच्या घरी गेली. म्हातारी ओट्यावर कांदे निवडत होती.

“ये. का उभीच ऱ्हातीस? ऱ्हा बाई उभीच. हितं समदं खोकल्याचंच हाय.”

“आजी, तुम्हाला वाईट वाटलं असेल, तर माफ करा. मी ते पेले सगळ्यांसाठीच आणले होते.”

“समद्यांसाठी आणलेस आन् एकटीच्याच हातात दिलास.” एक सडका कांदा तिने लांब भिरकावला. “मी एवढीशी व्हते. बाच्या संगं बेल्ह्याच्या बाजाराला जायची. हाटेलाच्या भाईर वळचणीला आमचा कप खोचलेला असायचा. आपुनच काढायचा, आपुनच धुवायचा, मंग च्या वरनं ओतायचे. हातात न्हाई द्यायचे. आन् मंग हितल्या देवळात गोऱ्या साहेबानं सोताच्या तोंडचा पेला बाच्या तोंडाला लावला. घरी येऊन बा रडला. लोक म्हनत्यात भाकरीपायी किरिस्ताव झाले. न्हाई पोरी. त्या एका घोटापायी आमी आलो.”

नूतन ओट्यावर बसली. तिच्या घरात असा कप कधी कुणी पाहिला नव्हता; किंवा पाहिला असेल, पण मास्तर झालेले आजोबा त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

“तुमची काच मीच तपासली होती, आजी,” ती हळूच म्हणाली. “काही नव्हतं तिच्यात. मला माहीत होतं. तरी... श्रेयाची भीती वाटली.”

“भीतीला मी नाव न्हाई ठेवत. लेकरं मीबी पुरल्यात. पन भ्या वाटत व्हतं, तर बारका पेला तू घ्यायचा व्हतास. माझ्या हातात का दिलास?”

उत्तर नूतनला ठाऊक होतं. तिने फक्त म्हातारीचे पाय धरले.

“सोड. हितं माफी मागाया काय लागतं? कुत्रंबी ऐकत न्हाई. पेला समद्यांदेखत दिला व्हतास.”

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब भाकर मोडणार, तेवढ्यात नूतन उठून पुढे गेली. वळली, तेव्हा शेवटच्या बाकावर, दाराशी, बायडाबाई बसलेली दिसली. ठरवलेली वाक्यं सगळी पळाली.

“बायडाआजींना आजार नाही. मला हे माहीत होतं,” ती म्हणाली. “मी त्यांना वेगळा पेला दिला, कारण मी स्वतःला... मला वाटत होतं, मी तुमच्यापेक्षा वरची आहे. तुम्हा सगळ्यांपेक्षा.” तिने बायडाबाईकडे पाहिलं. “मी चुकले.”

कुणीतरी नाक ओढलं. “बास, बास गं आता,” सावळेराम पंच घोगऱ्या आवाजात म्हणाले. “भाकर वाळंल तिकडं.”

एकदोघी हसल्या, आणि देवळातली हवा जरा हलली.

बायडाबाई दाराकडून चालत आली. नूतनच्या खांद्यावर सगळा भार टाकून तिने गुडघे टेकले आणि घोट घेतला. पेला नूतनकडे आला. काठ ओला होता. काळजात तीच जुनी कळ उठली. त्या कळेसकट तिने पेला ओठांना लावला.

उपासना संपून माणसं उठू लागली, तेव्हा पहिल्या बाकावर श्रेया म्हातारीच्या मांडीवर कधी चढली होती, कुणास ठाऊक. पोरीचं नाक वाहत होतं. बायडाबाईने आपल्या पदराचं टोक धरलं आणि ते खसकन पुसलं.

नूतनचा हात उचलला गेला. तिथेच थांबला. मग तिने तो परत आपल्या मांडीवर ठेवला.

“आईवानीच नाकाचा शेंडा वर हाय गं हिचा,” बायडाबाई म्हणाली, आणि दुसऱ्या नाकपुडीकडे वळली.