बटणांचा तह

भिंगरीने आईशी घासाघीस करायला घेतली, इथेच तिचं चुकलं. आई शर्ट शिवायची, आणि कापडबाजारातले मुरलेले दुकानदारही तिला लांबून येताना पाहून आपणहून भाव उतरवायचे.

"स्पर्धा तीन दिवसांची आहे. मी दोनच दिवस जाते," भिंगरी म्हणाली.

"एकही नाही," आई मशीन न थांबवता म्हणाली.

"बरं, दीड."

"आणि मधूनच उठून आलीस तर तुझ्या वाटचं व्हॉलीबॉल कोण खेळणार, मी?"

भिंगरी तोंड पाडून शाळेत गेली. संघातली जागा हातची गेली तर वर्षभर पहाटे उठून केलेला सराव पाण्यात जाणार होता. त्याच दिवशी इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर 'निगोशिएट' लिहिलं.

"म्हणजे घासाघीसच ना?" भिंगरीने विचारलं.

"घासाघिशीत आपण नुसता समोरच्याचा आकडा ओढत बसतो," बाई म्हणाल्या. "निगोशिएट करताना आधी विचारायचं, त्याला नेमकं हवंय काय."

हे तर भिंगरीने आईला विचारलंच नव्हतं.

घरी येताच तिने मशीनसमोर स्टूल ओढलं. "आई, मी घरी थांबून तुला काय मिळणार?"

"बटणं. गुरुवारी साठ शर्ट द्यायचेत. शिवून होत आलेत, पण बटणं कोण लावणार? तुझे बाबा? सुईत दोरा ओवायचा तर त्यांचा चष्मा शोधण्यातच दिवस जातो."

"ऐकतोय मी," बाबा आतून म्हणाले.

"म्हणजे तुला मी नकोय. बटणं हवीत. मी जायच्या आधीच ती लागली तर?"

मशीन थांबलं. आईने तिच्याकडे नीट पाहिलं. "वकिलीणबाई, बोला पुढे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अख्खा संघ भिंगरीच्या जिन्यात सुया घेऊन बसला. तिच्या सर्व्हिसशिवाय पहिल्याच सामन्यात धुव्वा उडेल, हे साऱ्यांना ठाऊक होतं. दोन संध्याकाळी बोटांना सुया टोचल्या, गप्पांना ऊत आला आणि साठावा शर्ट संपला.

आई एकेक बटण चिमटीत धरून ओढून बघू लागली. कॅप्टनने, म्हणजे उंचीमुळे जिला सगळ्या 'शिडी' म्हणायच्या तिने, लावलेलं एक बटण अलगद हातात आलं.

"हे लावलं होतंस की टेकवलं होतंस?"

"काकू, मी नेटजवळ बरी असते."

आईला हसू फुटलं. "पुन्हा लाव. भिंगरे, तू बॅग भर." मग शिडीच्या हातात सुई देत तिने हळूच विचारलं, "पुढच्या महिन्यात सत्तर शर्ट आहेत. तुमची पुढची स्पर्धा कधी गं?"