जिभेखालचा बर्फ

आधी मला नीट झटका, मित्रांनो. पारा तळाशी गेल्याशिवाय मला खरं बोलता येत नाही. मी एक जुना काचेचा थर्मामीटर आहे. पोटात पारा, अंगावर बारीक रेघा, आणि स्वभावाने जरासा बढाईखोर.

माझा जन्म भट्टीत झाला. कारागिराने तापलेली काच इतकी ताणली, इतकी ताणली, की मी तीन गल्ल्या लांब झालो होतो. मग माझे तुकडे केले. मी आलो अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, कोळशाच्या खाणीशेजारी, ओपलच्या घरी. तिच्या सासऱ्याने एकदा मला सणाला भाजायच्या टर्की पक्ष्यात खुपसलं. दुसरा असता तर फुटला असता. मी नुसते डोळे वटारले आणि टर्कीच घाबरून शिजली!

ओपल शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिचा एकुलता मुलगा वेस्ली. गणिताची परीक्षा आली की हा मला गुपचूप दिव्याला टेकवायचा. पारा थेट वरच्या टोकाला! ओपल मला उजेडात धरून म्हणायची, "अरे देवा, वेस्ली, तू तर केव्हाच मेलास की! बोल, शवपेटी आणू की दप्तर?" मग दोघंही पोट धरून हसायची. मला कपाटात मऊ रुमालावर जागा होती.

वेस्ली मोठा झाला, खाणीत लागला. तिथे पाठ दुखावली. दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागली, गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा नशेची सुई आली. घरातलं हसू गेलं. मी रुमालावरून खणात गेलो, रबरं आणि वाळलेल्या पेनांच्या गर्दीत.

एका हिवाळ्यात ओपलने मला पुन्हा बाहेर काढलं. वेस्ली सोफ्यावर दोन गोधड्यांत कुडकुडत होता. शेजारी त्याची मैत्रीण डार्ला बसली होती. तीही त्याच वाटेची.

"कापूसताप आहे हो काकू," डार्ला म्हणाली. "उद्या टुणटुणीत होईल. मला कितीदा आलाय!"

ही मंडळी नशेचं पाणी कापसातून गाळतात आणि ते बोळे कडकीच्या दिवसांसाठी जपून ठेवतात. त्यातलं घेतलं की कधी हुडहुडी भरून ताप चढतो आणि दिवसभरात उतरतो. म्हणून कुठलाही ताप आला की यांना तो कापसाचाच वाटतो. वेस्लीचा मात्र आठवडा झाला तरी हटेना.

"चल, इस्पितळात जाऊ," ओपल म्हणाली.

"नको आई. मागे हात सुजला तेव्हा काय झालं? माझ्या दंडावरच्या सुयांच्या खुणा पाहिल्या आणि मला व्हरांड्यात बसवून विसरून गेले. थरथरत होतो, तर म्हणाले, नाटकं बंद कर."

"मग आ कर. शंभरच्या वर गेला तर खांद्यावर टाकून नेईन."

"तुझा खांदा? स्वयंपाकाचा डाव उचलताना करकरतो तो!"

ओपल हसली आणि मला धुवायला नळाकडे वळली. तेवढ्यात वेस्लीने गार चहाच्या पेल्यातला बर्फ तोंडात टाकला.

मित्रांनो, मी जिभेखाली गेलो आणि गारठलो. आत रक्त उकळत होतं, पण मी जिथे ठेवाल तिथलंच सांगतो.

"नव्याण्णव," ओपलने वाचलं. "बरं बाई, उतरतोय."

रोज हेच. ती पाठ फिरवायची, तो बर्फ चघळायचा. लहानपणी मला तापवून त्याने आईला हसवलं, आता मला गारठवून फसवलं. ओरडावं, तर काचेला कंठ कुठला?

एका दुपारी ओपल कामावरून आली तेव्हा तो झोपला होता. श्वास धापा टाकल्यासारखा. त्याला उठवायला नको म्हणून तिने मला त्याच्या काखेत ठेवलं. पारा सुसाट धावला. एकशे पाच! तिने सवयीने आधी दिव्याकडे पाहिलं. दिवा बंद होता. मग तिला उशीमागची वाटी दिसली, अर्धवट वितळलेल्या बर्फाची.

"वेस्ली... कधीपासून रे?"

तो तापात पुटपुटला, "रागावू नको ना आई. उद्या गणिताचा पेपर आहे."

ओपलने त्याला तसाच इस्पितळात नेला. सुईवाटे रक्तात शिरलेल्या जंतूंनी त्याच्या हृदयाची झडप कुरतडली होती. डॉक्टरीणबाई ओपलचा हात धरून म्हणाल्या, "थोडं आधी आणला असता..." डोंगरावरचा बर्फ वितळायच्या आत वेस्ली गेला.

वसंतात डार्ला दारात उभी राहिली. दात वाजत होते. "कापूसतापच आहे काकू. जरा सोफ्यावर पडू?"

ओपलने मला झटकलं. डार्लाने तोंड उघडलं.

"तोंड मीट. हात वर कर."

एकशे तीन.

"मी नाही जाणार तिथे. कसे बघतात ते माझ्याकडे, तुम्हाला नाही माहीत."

"बघू देत. व्हरांड्यात बसवलं तर मी खुर्ची ओढून शेजारी बसेन. तुला कोण विसरतं तेच बघते!"

आणि ती बसली. डार्ला बरेच आठवडे सलाइनवर होती, पण वाचली. आता ती इथेच राहते. ओपल दमून आली की डार्लाच तिचा ताप बघते आणि मला धुऊन रुमालावर ठेवते.

मित्रांनो, टर्कीची गोष्ट मी थोडी फुगवली असेल, ही नाही. ताप कोणाच्या चुकीने आला ते मला कळत नाही. किती आहे, एवढंच कळतं. तुम्हीही आधी तेवढंच बघा. आजारी माणसाने बर्फ मागितला तर जरूर द्या. फक्त पाठ फिरवू नका.