भाजलेला टॉवेल

हेडबाई हे तिचं खरं नाव नव्हे, आम्ही संस्थेतल्यांनी ठेवलेलं. वय पस्तीस, पण कुणाची चप्पल वाकडी दिसली की बोट नाचवून सरळ करायला लावायची. अक्षरं तिला कधी जुळली नाहीत. नवीन गोष्ट डोक्यात शिरायला वेळ लागायचा, पण एकदा शिरली की हलायची नाही. अशा माणसांना काम शिकवून नोकरीला लावणं, हे माझं काम.

तिला मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लावलं. तीन महिने रोज तिच्या शेजारी उभी राहिले. काठ आत, तीन घड्या, दहाची चळत, वर एक थाप. थाप मी शिकवली नव्हती, ती तिची स्वतःची. पहिल्या महिन्यात ती कुणाकडे मान वर करून बघत नव्हती. तिसऱ्या महिन्यात सुपरवायझरला म्हणाली, "तुमची चळत वाकडी आहे." त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं.

मग नियमाप्रमाणे मी बाजूला झाले. दर आठवड्याला सुपरवायझरना फोन करायचे. "एक नंबर काम!" ते म्हणायचे. हेडबाईचाही फोन यायचा. एकदा म्हणाली, "ताई, तो इस्त्रीने भाजलेला टॉवेल आज परत आला."

"अगं, लॉन्ड्री आहे ती. धुऊन परत येणारच."

"धुतलेला नाही. माझ्या हाताच्या क्रीमचा वास येतोय त्याला."

मी हसले. पुढच्या आठवड्यात तिने तेच सांगितलं, तेव्हाही हसले. वर शहाणपण शिकवलं, "कामाकडे लक्ष दे, वासाकडे नको."

एका दुपारी त्याच भागात काम होतं म्हणून न कळवता लॉन्ड्रीत डोकावले. हेडबाई जेवायला गेली होती. एक कामगार तिच्या चळती उचलून, टॉवेल झटकून, तिच्याच टोपलीत टाकत होता. वरच भाजल्याचा डाग दिसला.

तळपायाची आग मस्तकात गेली. सुपरवायझर शांत होते. "ती हळू करते हो. खरा माल मागच्या खोलीत जातो. हे चाळीस टॉवेल तिचे. पण खूश आहे ना ती? तुमच्या यादीत एक नाव वाढलं, आमचंही कौतुक झालं. बिघडलं कुठे?"

"केसाने गळा कापलात तुम्ही तिचा!" मी ओरडले.

मागे डबा वाजला. हेडबाई दारात उभी होती. तिने टोपलीकडे पाहिलं, सुपरवायझरकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे आली.

"मी दोनदा सांगितलं. तू दोनदा हसलीस."

त्यांनी तिला फसवलं होतं, पण तिने विश्वास माझ्यावर टाकला होता. "चुकले गं," मी म्हणाले. "दुसरीकडे बघू काम. खरं काम."

तिने ॲप्रन काढला. काठ आत, तीन घड्या. थाप मारली नाही. तो माझ्या हातात ठेवून म्हणाली, "वास घे."

सगळ्यांसमोर मी ॲप्रन नाकाशी धरला. क्रीमचा वास होता. मान वर केली तेव्हा ती एकटीच फाटकाबाहेर पडत होती.