भुऱ्याचं पथ्य

थोरल्या नातीचं, प्राप्तीचं, लग्न झालं त्या साली नामाच्या भुऱ्या कुत्र्याच्या किडन्या बिघडल्या. उरणच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं, "खारी सुकट बंद, नाहीतर जगायचा नाही. पाकिटातलं खाणं आधी भातात कालवून द्या, मग हळूहळू वाढवा."

नामाने तसंच केलं. पण घरात सुकट भाजली की भुऱ्या चुलीपाशी जाऊन बसे आणि आपल्या वाटीकडे ढुंकूनही बघत नसे. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या.

"मीठ रक्तातच हाय त्याच्या," नामा म्हणाला.

"रक्तात न्हाय, नाकात हाय," त्याची बायको मैना म्हणाली. "श्रावण लागू दे. घरात मासळीचा वास नसला की खाईल गुमान."

श्रावणात घरची मासळी बंद झाली आणि भुऱ्या वाटी चाटूनपुसून खाऊ लागला. श्रावण संपताच मैनाने सुकटीचा डबा काढला, तर नामाने तो उचलून शेजारी नेऊन दिला.

"म्हंजे कुत्र्यापायी आता बारा महिने श्रावण?" मैना करवादली.

"व्हय."

तिने चार दिवस अबोला धरला, पण सुकट परत आणली नाही.

भुऱ्या आणखी तीन पावसाळे जगला. गेल्या दिवाळीत नामा वारला आणि माघात भुऱ्या.