घासूबाईंचं विरजण

प्रयोगशाळेत बाईंना सगळे घासूबाई म्हणत, आणि तेसुद्धा पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. का म्हणणार नाहीत? काचेचं भांडं तीनतीनदा धुऊन, उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय या बाईंनी कुणाला प्रयोगाला हात लावू दिला असेल तर शपथ! उभी हयात कोबाल्टच्या क्षारांत गेली, पण कपड्यांवर डाग म्हणून नाही.

आणि नेमकी हीच स्वच्छता त्यांच्या मुळावर आली.

निवृत्तीच्या तोंडावर प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलली. बाईंनी कंबर कसून जुनी भांडी आम्लात बुडवली, कपाटं पुसली, जुने अंगरखे फेकून दिले. सगळं लख्ख झालं, आणि तेवढ्यात दूरच्या एका प्रयोगशाळेतून निरोप आला. तरुणपणी ज्या जांभळ्या स्फटिकावर बाईंचं नाव झालं, तो आमच्याकडे काही केल्या बनत नाही. एकदा पुन्हा करून दाखवा, नाहीतर तो कधी नव्हताच असं आम्हाला छापावं लागेल.

"हात्तिच्या! त्यात काय मोठंसं," म्हणत बाईंनी द्रावण लावलं. थंड केलं, कोमट केलं, काचेच्या दांडीनं भांडं आतून खरवडलं. छे! जांभळा पाक तो पाकच राहिला. रोज सकाळी जाऊन बघायचं आणि रोज तोंड पाडून परतायचं.

एकदा जेवताना त्यांचा घास हातातच राहिला.

"अहो, जुन्या कपाटांच्या फटीफटींत, अंगरख्यांत त्या स्फटिकाचे कण होते! एखादा द्रावणात पडायचा आणि त्यावर स्फटिक धरायचा. मीच सगळे घासून टाकले."

"म्हणजे विरजणाचं भांडंच विसळलंस म्हण की," नवरा म्हणाला. आणि दोघांनाही एकाच वेळी दुकानातला खडा आठवला.

नवरा घड्याळजी. त्याच्या दुकानात, कामाच्या टेबलावर, घड्याळाच्या जुन्या काचेखाली त्या जातीचा अगदी पहिला खडा होता. लग्न ठरलं तेव्हा बाईंनीच दिलेला. गिऱ्हाईक आलं की हा माणूस छाती फुगवून सांगे, "हा आमच्या हिचा हिरा!" आणि बाई लाजून म्हणत, "अहो, हिरा कसला, कोबाल्टचं मीठ आहे ते."

वरून तो आता पांढुरका पडला होता. आतला ताजा कण हवा तर फोडावाच लागणार. नाव गेलं तर गेलं, पण मागायचा नाही, असं बाईंनी ठरवलं. आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं घड्याळ मागे पडतंय."

त्यानं भिंग डोळ्याला लावून घड्याळ पाहिलं. "याला काय धाड भरलीय? खोटं बोलायला तुला अजून जमत नाही बघ."

मग त्यानं काच उचलली. खडा एकदा उजेडाकडे धरून पाहिला. बारीक हातोडीचा एक ठोका. खड्याचे तुकडे झाले. आत तोच जांभळा रंग, जसाच्या तसा. चिमट्यानं एक कण उचलून त्यानं कुपीत टाकला. "जा, लाव विरजण."

बाईंना रडू फुटलं. "तुमचा हिरा मोडला हो!"

"कोबाल्टचं मीठ आहे ते," तो म्हणाला.

कण पडला आणि आठवड्याभरात भांड्याच्या तळाशी जांभळे स्फटिकच स्फटिक! त्यांचे फोटो आणि मोजमापं दूरच्या प्रयोगशाळेला गेली. वर नमुना गेला, सोबत विरजणाची चिमूटही. त्यांच्याकडेही जमलं, आणि त्यांनी मोकळ्या मनानं तसं कळवलं. बाईंचं नाव राहिलं.

सगळ्यांत सुबक खडा घेऊन बाई दुकानात धावल्या. काचेखाली जुने तुकडे नीट मांडून ठेवलेले होते.

"नवा तुझ्याकडेच ठेव," घड्याळजी म्हणाला. "मला हाच बरा. आणि तू परत सगळं घासून काढलंस तर विरजणाला कुठे जाशील?"

बाई हसल्या. टेबलावर अजून ठोक्याची जांभळी भुकटी सांडलेली होती. सवयीनं त्यांचा हात फडक्याकडे गेला. त्यांनी फडकं उचललं, घडी घातली आणि परत खुंटीला अडकवलं.