वरून घातलेलं पाणी

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा टर्नर बाल्कनीत बसून बादलीत मीठ ढवळत होता. उजवा हात ओला, म्हणून त्याने फोन डाव्या हाताने कानाला लावला. पलीकडची नर्स आधी त्याचं नातं विचारत बसली, आणि तेवढ्यातच त्याला काय ते कळलं. तिचं बोलणं पुरतं ऐकून घेऊन तो "बरं" म्हणाला. बादलीतला पंप बंद केला, वर झाकण ठेवलं, शर्ट बदलला आणि निघाला. टॅक्सीत बसल्यावर रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं, झाकण नीट बसलं की नाही.

सकाळीच तर बोलणं झालं होतं. छातीत दुखतंय म्हणून बायकोला ठेवून घेतलं होतं, घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर म्हणाले होते. तिने फोनवर स्वतःच्या छातीचं एका वाक्यात उरकलं आणि अंड्यांवर आली.

"डोळे दिसायला लागले का?"

"चकाकतायत."

"मग आज फुटणार. संध्याकाळी दिवे लवकर मालवा. आणि शिपायाला त्रास देऊ नका, दमलाय तो."

"आणि मी दमलो नाही?"

"तुम्हाला काय धाड भरलीय? मीठच तर ढवळायचंय."

हे शेवटचं बोलणं.

शिपाई म्हणजे मासा. मागच्या खोलीत काचेच्या टाक्या होत्या, आणि त्यातल्या सगळ्यात जुन्या टाकीत क्लाउनफिशची जोडी होती. नारिंगी अंग, पांढरे पट्टे. त्यांच्यात मादी मोठी आणि दांडगी, म्हणून तिचं नाव बाईसाहेब. नर लहान. फरशीच्या तुकड्यावर अंडी घालून बाईसाहेब मोकळ्या व्हायच्या, आणि शिपाई दिवसभर परांनी वारा घालत पहारा द्यायचा. मुलगी लग्न होऊन परगावी गेल्यावर बायकोने हा उद्योग मांडला. पिल्लं वाढवून ती दुकानदाराला द्यायची. टर्नरचं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं होतं, त्यावरूनच सगळे त्याला टर्नर म्हणत; त्यामुळे टाक्यांचे स्टँड, पाइप, झाकणं हे काम त्याचं. आणि मीठ त्याचं. दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच नवं खारं पाणी घालायचं. ते बादलीत तयार करायचं, खारेपणा मोजायचा काटा बुडवून बघायचं. आयुष्यभर व्हर्नियरने केसाएवढं अंतर मोजलेला माणूस. बादलीचा काटा खुणेच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. बाकी माशांचं सगळं तिचं.

त्या रात्री घर माणसांनी भरलेलं होतं आणि सगळे दिवे चालू होते. उशिरा कधीतरी दिवे मालवल्यावर अंडी फुटली असावीत, पण पिल्लं वेगळ्या टाकीत काढायला कोणी नव्हतं. सकाळी फरशीचा तुकडा स्वच्छ होता आणि टाकीत एकही पिल्लू नव्हतं.

त्यानंतर अंडी झालीच नाहीत. बाईसाहेब टाकीत ठेवलेल्या मातीच्या कुंडीमागे जाऊन बसू लागल्या. खाणं टाकलं की निम्मं खाली पडायचं. कल्ले भराभर हलायचे. शिपाईही नुसता तिच्याशेजारी. सोबतीला राहिलेली मेव्हणी टाकीपुढे उभी राहून म्हणाली, "मुक्या जिवालाही कळतं हो भाऊजी. ताईचा हात ओळखत होते ते."

टर्नरने ते वाक्य मनात ठेवून दिलं.

मुलीने तर तीच समजूत घट्ट धरून ठेवली. आई गेली तेव्हा ती आली, सगळं केलं, आल्यागेल्याला पाणी दिलं, कागदांवर सह्या केल्या, आणि डोळ्यातून टिपूस काढलं नाही. टर्नरला त्याची भीती वाटत होती. परत गेल्यावर एकदा व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "बाबा, मासे दाखवा ना." त्याने फोन टाकीकडे वळवला. कुंडीमागे बसलेल्या बाईसाहेब तिने पाहिल्या आणि तोंडावर हात ठेवून हमसून हमसून रडली.

"बाबा, ते आईची वाट बघतायत."

"हो गं."

त्या दिवसापासून ती रोज मासे बघायची, रोज थोडं रडायची आणि मग जेवायची. जावयाने वेगळा फोन करून सांगितलं, "आता तिला झोप लागते." टर्नरलाही टाकीपुढे बसलं की बरं वाटायचं. घरात आपण एकटेच नाही, आणखी दोघं त्याच दुःखात आहेत, असं वाटायचं.

पण बाईसाहेब खंगत चालल्या. ह्या खोलीत राहिल्या तर झुरून मरतील, दुसरीकडे गेल्या तर कदाचित विसरतील, असा विचार करून त्याने मन घट्ट केलं आणि दुकानदाराला बोलावलं. हा मासे विकणारा माणूस भावात चिमटे काढायचा, म्हणून बायकोने त्याचं नाव खेकडा ठेवलं होतं, आणि ते त्याला माहीतही होतं.

खेकडा पिशव्या घेऊन आला. बसला नाही, चहाही नको म्हणाला. सरळ टाकीपाशी गेला आणि काचेच्या काठावर जमलेला पांढरा थर नखाने खरवडला. मग खिशातून दुर्बिणीसारखी छोटी नळी काढली, तिच्या टोकाला टाकीतल्या पाण्याचा थेंब लावला आणि खिडकीकडे तोंड करून डोळा लावला. पुसली, पुन्हा थेंब, पुन्हा डोळा.

"भाऊजी, पाणी कोण बघतं?"

"मीच. दर रविवारी बदलतो. काटा बघून."

"कुठे बुडवता काटा?"

"बादलीत. आणखी कुठे?"

"आणि मधल्या दिवसांत टाकीतलं पाणी खाली जातं, तेव्हा?"

"घालतो ना वरून. बादली भरलेलीच असते."

"मिठाची?"

"मग काय साखरेची?"

खेकडा हसला नाही. त्याने नळी खिशात ठेवली. "पाणी उडून जातं, भाऊजी. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं. कमी झालेल्या जागी साधं पाणी घालायचं असतं. तुम्ही खारं घालत गेलात. रोज थोडं थोडं मीठ चढत गेलं. हे समुद्राच्या कितीतरी पुढे गेलंय. गोगलगायी होत्या ना ताईंच्या?"

"त्या गेल्या. आधीच. आम्हाला वाटलं…"

"काय?"

"काही नाही."

टाकीशेजारी खिळ्याला एक निळा मग टांगलेला असे. हात धुण्यासाठी असेल म्हणून, बायको गेल्यावर टर्नरने तो न्हाणीघरात नेऊन ठेवला होता. तो उठायचा तेव्हा बायको तो मग पुसून ठेवत असायची. इतकी वर्षं त्याने तिला मग पुसताना पाहिलं होतं, भरताना कधी पाहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. रोज पहाटे ती त्यातूनच साधं पाणी घालत असणार. त्याच्या बादलीत एकदाही चूक झाली नव्हती, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"म्हणजे ह्यांना," तो टाकीकडे बघत म्हणाला, "ती गेल्याचं तसं काही…"

खेकडा म्हणाला, "मासा आहे तो, भाऊजी. खायला मिळालं की झालं. आठवण मला येते. भांडायला कोणी उरलं नाही." मग पिशवी उघडत म्हणाला, "चला, नेऊ का? माझ्याकडे सुधारतील."

"राहू दे."

"अहो, आता काय झालं?"

"काम माझ्या हातून बिघडलंय. बिघडलेला नग दुसऱ्याच्या लेथवर चढवायची मला सवय नाही."

"बरं. पण घाई करू नका. मीठ एकदम उतरवलंत तर मरतील. रोज थोडं काढा, थोडं साधं घाला. आणि काटा टाकीत बुडवा, टाकीत!"

टर्नरने मग परत खिळ्याला टांगला. रोज सकाळी उठल्यावर आधी ते काम. घाई करावीशी वाटायची, पण तो करत नसे. हळूहळू काचेवरचा पांढरा थर येईनासा झाला. बाईसाहेब कुंडीबाहेर आल्या, मग वर येऊन खाऊ लागल्या. एके दिवशी तो काच पुसत होता तेव्हा त्यांनी त्याच्या बोटाला कडकडून चावा घेतला. मासे असे सुधारत होते आणि घर त्याला आधीपेक्षा जास्त रिकामं वाटू लागलं होतं. आता दुःखात तो एकटाच होता.

एका दुपारी फरशीच्या तुकड्यावर नारिंगी ठिपका दिसला, जवळ जाऊन बघावं तर अंडीच. शिपाई वारा घालत होता.

"इतक्या लवकर?" तो मोठ्याने म्हणाला. त्याला खरंच राग आला होता. माशावर रागावलोय हे लक्षात आल्यावर तो खुर्ची ओढून बसला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. त्याने तो टाकीकडे वळवला.

"बाबा! बाहेर आल्या की! आणि ती अंडी आहेत ना?"

"हो."

"सावरले बाबा ते. पचवलं त्यांनी." ती हसत होती. "मग आपल्यालाही जमेल, नाही का?"

"अगं, पाण्यात जरा मीठ जास्त…"

"पाण्याचं काय घेऊन बसलात? मनाचं असतं ते. आणि उद्या यांना ऑफिसला नेऊन सोडणार आहे मी. मीच गाडी चालवणार, कितीतरी दिवसांनी."

"सावकाश चालव," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो खिडकीपाशी गेला. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना डोळ्यांना धड न दिसणारे जीव खायला लागतात, आणि ते जीव हिरव्या पाण्यावर जगतात. बायकोने खिडकीत ठेवलेल्या त्या हिरव्या पाण्याच्या बाटल्या ती गेल्यावर फिक्या पडल्या होत्या, त्यातलं शेवाळं मेलं होतं. त्याने त्या घासून धुतल्या आणि उपड्या ठेवल्या. खेकड्याला फोन केला. हिरव्या पाण्याचं नवं बी मिळेल, पण ह्या खेपेच्या पिल्लांपर्यंत नाही, असं तो म्हणाला.

आठवडाभरात अंड्यांतले डोळे चकाकू लागतील आणि पिल्लं बाहेर पडतील. पिल्लांच्या खाण्याची सोय झालेली नाही. मुलीला पाण्याचं खरं सांगायचं राहिलेलं आहे.